७८ किलो वजन म्हणजे १५६ ग्रॅम प्रोटीन नव्हे

प्रश्न : माझं वय ४१, उंची १५७ सेंटिमीटर. दिवाळीनंतर वजन ८३ किलो होतं, तीन महिन्यांत ७८ वर आणलं. नोकरी बसून. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं, दहाला प्लेटभर पोहे, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, चारला चहा आणि मूठभर मुरमुरे, रात्री फक्त एक वाटी वरण आणि काकडी-टोमॅटो. जिममध्ये रोज ४० मिनिटं ट्रेडमिल करते. पण आता केस खूप गळतात, जिना चढताना पाय भरून येतात आणि महिनाभर काटा हललेला नाही. जिमचे सर म्हणतात, वजनाच्या दुप्पट, म्हणजे १५६ ग्रॅम प्रोटीन हवं, पावडरचा डबा आणा. सासूबाई म्हणतात, इतकं प्रोटीन खाल्लं तर किडन्या खराब होतील. मी अंडी खाते, पण सोमवार-गुरुवार नाही. मटण, चिकन, मासे कधीच नाही. नेमकं किती खाऊ आणि कशातून?
एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर :

ताई, आधी तुम्ही सध्या किती प्रोटीन खाता ते मोजू. दोन चहांतलं दूध मिळून ३ ग्रॅम, बिस्किटांचं १, पोह्यांचं दाण्यांसकट ५ ते ६, दोन पोळ्यांचं ६, भाजीचं २, मुरमुऱ्यांचं दीड, रात्रीच्या वरणाचं ३, काकडी-टोमॅटोचं जेमतेम १. बेरीज येते २३-२४ ग्रॅम. तुमच्या उंचीच्या, वजन कमी न करणाऱ्या निरोगी बाईलाही दिवसाला ४७ ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे तुम्ही त्याच्याही निम्म्यावर आहात, आणि तेही तीन महिने.

तुम्ही बहुधा तूप कमी केलं, साखर कमी केली, भात सोडला, ते सगळं ठीक. पण त्याच झटक्यात जेवणातलं प्रोटीनही कापलं गेलं. वजन उतरताना शरीर फक्त चरबी जाळत नाही, स्नायूही मोडून खातं. साधारणपणे उतरलेल्या वजनाचा पाव भाग चरबीचा नसतो. प्रोटीन इतकं कमी आणि व्यायाम नुसता चालण्याचा असेल तर हा वाटा आणखी वाढतो. जिन्यावर पाय भरून येतात याचं हे एक मोठं कारण असू शकतं. केसांचंही तसंच. जेवण अचानक तोडलं की दोन-तीन महिन्यांनी केसगळ सुरू होते, आणि तुमचा काळ नेमका तोच आहे.

आता आकडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेली शिफारस दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम अशी आहे. ती वजन स्थिर असलेल्या निरोगी माणसासाठी. वजन कमी करायचं असेल तेव्हा १.२ ते १.६ ग्रॅम धरावेत. आणि हा गुणाकार काट्यावर दिसणाऱ्या वजनाने करू नका. जादा चरबीला प्रोटीन फारसं लागत नाही, स्नायू आणि अवयवांना लागतं. म्हणून सोपी रीत अशी : सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा. तुमचे आले ५७. त्याला १.३ ते १.४ ने गुणा, येतात ७४ ते ८०. रोज ७५ ते ८० ग्रॅम, हा तुमचा आकडा. घरात १७५ सेंटिमीटर उंचीचे, ९५ किलोचे कुणी असतील तर त्यांचा हिशेब ७५ गुणिले १.४, म्हणजे १०५ ग्रॅम. ज्यांचं वजन मुळातच उंची वजा १०० पेक्षा कमी आहे त्यांनी खरं वजन धरावं.

सरांचा दुपटीचा नियम अंगावर चरबी कमी असलेल्या आणि रोज जड वजनं उचलणाऱ्यांसाठी ठीक आहे. तुम्ही तो ७८ ला लावला तर १५६ ग्रॅमसाठी ७०० ग्रॅम कच्ची तुरीची डाळ किंवा २६ अंडी लागतील. मग पावडरशिवाय गत्यंतर नाही असं वाटणारच.

सासूबाईंचं म्हणणंही उडवून लावू नका. किडनी आधीच कमजोर असेल तर प्रोटीन बेताचंच घ्यावं लागतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. अडचण अशी की सुरुवातीच्या टप्प्यात किडनीचा त्रास बाहेरून कळत नाही. म्हणून जेवण बदलण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या : रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा), लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रोटीन), आणि रक्तदाब व साखर. जड व्यायाम केल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त देऊ नका, क्रिएटिनिन उगाच वर दिसतं. हे सगळं ठीक निघालं तर ७५-८० ग्रॅमने निरोगी किडनीला धोका नाही. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्या. केसगळीचा सगळा दोष प्रोटीनवर टाकून लोहाची कमतरता किंवा थायरॉइड नजरेआड होऊ नये.

आता कशातून. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो तो शेंगदाणे आणि बदामांपाशी. दाण्यांत १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन असतं, हे खरं. पण त्यातून २० ग्रॅम मिळवायला ८५ ग्रॅम दाणे खावे लागतात आणि तेवढ्यात साडेचारशेच्या वर कॅलरी जातात. तुमचा दिवसच पंधराशे कॅलरींचा असायला हवा. म्हणून दर १०० ग्रॅमला किती प्रोटीन यापेक्षा दर १०० कॅलरीमागे किती प्रोटीन हे बघायची सवय लावा. सोया चंक्सचे १५ ग्रॅम येतात, अंड्याच्या नुसत्या पांढऱ्याचे २०, अख्ख्या अंड्याचे ८, तूर-मूग-मसूर डाळींचे साडेसहा ते सात, पनीरचे साडेसहाच्या आसपास, टोन्ड दूध-दह्याचे ५, दाण्यांचे ४, बदामांचे सव्वातीन, पोळीचे ३, भाताचे २. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'हाय प्रोटीन' लिहिलेली बिस्किटं आणि बार घेताना हाच भागाकार पाकीट उलटं करून करा. पाचाच्या खाली आलं तर ते बिस्किटच समजा.

वरणाकडे जरा बारकाईने बघू, कारण आपल्याकडे 'वरण रोज असतं की' या समजावर सगळे निश्चिंत असतात. कच्च्या तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन. ती शिजवून घट्ट वरण केलं तर चार वाट्या होतात, वाटीला साडेपाच ग्रॅम. त्याच डाळीत पाणी वाढवून सात वाट्या केल्या तर वाटीला ३. वाटी तीच, चवही जवळपास तीच, प्रोटीन निम्मं. त्यात वरण थोडं थांबलं की घट्ट भाग तळाला बसतो. आधी जेवायला बसणाऱ्याच्या पानात वरचं पिवळं पाणी जातं. डाव तळापासून ढवळून वाढा. आणि मोजायचं ते नेहमी कच्चं, कोरडं. वजनकाटा घ्या, सुरुवातीचे पंधरा दिवस तरी. शिजलेल्या वाटीवरून अंदाज करणारे हमखास दीडपट-दुप्पट चुकतात.

मांसाहार नाही म्हटल्यावर तुमच्यासाठी सर्वात उपयोगी पडतील ते सोया चंक्स. ३० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १५ ग्रॅम प्रोटीन असतं आणि जेमतेम १०५ कॅलरी. बऱ्याच घरांत ते एकदा होतात आणि वासामुळे पुन्हा होत नाहीत. वास जातो तो नीट धुण्याने. चंक्स मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, निथळा, गार पाण्यात घालून तळहातांत दाबून पिळा. पिळलेलं पाणी फेसाळ आणि मळकट दिसेल. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. तिसऱ्यांदा पाणी जवळपास नितळ आलं की झालं. असे कोरडे पिळलेले चंक्सच मसाला ओढून घेतात. पाणी राहिलं तर रस्सा फिका होतो आणि दोष सोयाला जातो. सावजी पद्धतीचा, खसखस आणि धने भाजून वाटलेला मसाला यांना छान बसतो, फक्त माणशी एक चमचा तेलात करा. पाकिटावरचा ५२ टक्के हा आकडा कोरड्या वजनाचा आहे. भिजून ते तिप्पट होतात, म्हणून भिजलेले ३० ग्रॅम मोजून १५ ग्रॅम झाले असं धरू नका. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी आणि सोया रात्री, असं अंतर ठेवा. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

तुमचा दिवस असा बसवता येईल. सकाळी बिस्किटं बंद. दोन अख्खी अंडी आणि एका अंड्याचा पांढरा भाग, सोबत एक पोळी आणि चहा. इथेच २० ग्रॅम होतात. डब्यात दोन पोळ्या आणि भाजी तशीच राहू द्या, पण तिसऱ्या डबीत ४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा बरबटीची (चवळीची) उसळ, आणि १५० ग्रॅम दही. हे झाले २१-२२. चारला मुरमुऱ्यांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे सालासकट, चहासोबत, साडेसात-आठ ग्रॅम. रात्री ३० ग्रॅम सोया चंक्सची भाजी, २५ ग्रॅम डाळीचं घट्ट वरण आणि ज्वारीची एक भाकरी. २५ ग्रॅम. बेरीज ७५ च्या घरात जाते आणि तेल धरून कॅलरी साडेचौदाशे-पंधराशे होतात. तुमच्या वयाला, उंचीला, बैठ्या कामाला यात महिन्याला दीड किलोच्या आसपास वजन उतरायला हवं. याहून जोरात उतरवायची घाई करू नका, तुमच्या केसांना आणि पायांना ती परवडणारी नाही.

सोमवार-गुरुवारी अंड्यांच्या जागी ५० ग्रॅम मूग डाळ तीन-चार तास भिजवून, आलं-मिरची-सांबार (कोथिंबीर) घालून वाटा आणि दोन धिरडी करा. आत ४० ग्रॅम पनीर किसून घाला. १९ ग्रॅम होतात. उपासाचा दिवस खरा अवघड. साबुदाण्यात १०० ग्रॅमला एक ग्रॅमही प्रोटीन नसतं. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्या दिवशी भगर, दही, राजगिऱ्याचं थालीपीठ आणि पनीर यांवर भर द्या, आकडा ५० ला थांबला तरी चालेल. एका दिवसाने काही बिघडत नाही.

सगळं प्रोटीन रात्रीच्या एकाच ताटात ढकलू नका. नाश्ता, दुपार आणि रात्र, तिन्ही वेळी २० ते २५ ग्रॅम आलं की स्नायूंना ते चांगलं वापरता येतं आणि भूकही आटोक्यात राहते. तुमची भूक सध्या दिवसभर दबलेली आहे. इतकं कमी खाऊनही महिनाभर काटा हलत नाही तेव्हा बहुधा शनिवार-रविवारी कुठेतरी भरपाई होत असते, किंवा थकव्यामुळे दिवसभरातलं उठणं-बसणं कमी झालेलं असतं. पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, पण एकदा प्रामाणिकपणे आठवडाभर लिहून बघा.

हे सुरू करताना तीन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, जुनं जेवण तसंच ठेवून वर पनीर, दाणे, शेक चढवतात. प्रोटीनच्या ग्रॅमलाही ४ कॅलरी आहेतच; बदली करा, भर घालू नका. दुसरं, उसळी एकदम वाढवल्या की पोट फुगतं, गॅस होतो, आणि चार दिवसांत सगळं बंद पडतं. पहिल्या आठवड्यात उसळ २० ग्रॅमचीच ठेवा. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड येऊ द्या, फोडणीत हिंग घाला. दोन आठवड्यांत पोट सरावतं. तिसरं, अंडी-पनीर वाढवताना भाज्या आणि पाणी कमी होतं आणि बद्धकोष्ठ होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर पाणी अडीच-तीन लिटर लागतंच.

ट्रेडमिल ठेवा, पण रोज नको. प्रोटीन नुसतं खाल्ल्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना ओझं द्यावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस चाळीसपैकी तीस मिनिटं वजनांच्या व्यायामाला द्या : खुर्चीवर बसून उठणं, मग हातात डंबेल घेऊन तेच, लेग प्रेस, केबल ओढणं, भिंतीला आणि नंतर बाकाला टेकून पुशअप. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवर्तनांच्या दोन-तीन फेऱ्या. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत. सरांकडून पावडरऐवजी हे शिकून घ्या.

पावडर वाईट नसते, तुम्हाला गरज नाही इतकंच. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रोटीन पावडरी टाळाव्यात असंच सांगितलं आहे. आमचं मत थोडं सैल आहे : एखाद्या धावपळीच्या दिवशी डबा चुकला तर व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या पावडरीचा एक स्कूप, ज्यात २२-२५ ग्रॅम प्रोटीन असतं, घ्यायला हरकत नाही, किडनीच्या तपासण्या ठीक असतील तर. फक्त 'मास गेनर' लिहिलेला डबा चुकूनही उचलू नका. त्यात बहुतांश साखर आणि स्टार्च असतं, तो वजन वाढवायला असतो. दुधाने पोट बिघडत असेल तर व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेला प्रकार, त्यातल्या त्यात सोसतं.

चुनाबद्दल, म्हणजे बेसनाच्या पिठल्याबद्दल, वेगळं सांगतो, कारण नागपुरात चून-भाकरी म्हणजे घाईचं हक्काचं जेवण. चांगलंच आहे. ४० ग्रॅम बेसनाचं ८-९ ग्रॅम प्रोटीन होतं, तेल एका चमच्यावर ठेवलं तर आठवड्यातून दोनदा जरूर करा. पण बेसन सुटं, स्वस्तातलं घेऊ नका. त्यात कधी कधी लाखोळी (लाखेची, म्हणजे खेसारीची डाळ) मिसळली जाते. लाखोळी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाण्यात आली तर तिच्यातल्या विषारी घटकाने पायांच्या नसांवर परिणाम होतो. चणा डाळ निवडून, गिरणीतून दळून आणा. रविवारचे तर्री-पोहेही सोडायची गरज नाही. हरभरे जास्त आणि वरची तर्री चमचाभर, असं सांगून घ्या. प्रोटीन हरभऱ्यांत आहे, तर्रीत तेल आहे. गोळाभात आणि वडाभातात डाळ भरपूर असते, पण वरून ओतलेल्या फोडणीच्या तेलाने हिशेब बिघडतो. तेल वेगळं वाटीत घ्या. लग्नात पंगतीला बसलात तर डाळभाजी दोनदा मागा, भात एकदा. हिवाळ्यात तुरीचे सोले (शेंगांतले हिरवे दाणे) मिळतात तेव्हा उसळीऐवजी सोलेवांगे करा, पण सोले ओले असल्याने वाटीभरात प्रोटीन कोरड्या डाळीपेक्षा बरंच कमी, हे लक्षात ठेवून सोबत दही घ्या.

महिन्याभराने काट्यासोबत कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत, सकाळी उपाशीपोटी. आणि खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते आज लिहून ठेवा. व्यायाम नवीन सुरू केला की स्नायूंत थोडं पाणी धरलं जातं, त्यामुळे पहिले दोन आठवडे वजन अडल्यासारखं किंवा अर्धा किलो वाढल्यासारखं वाटेल. तेव्हा घाबरून पुन्हा नुसत्या वरण-काकडीवर जाऊ नका. कंबर आत जाते आहे आणि उठबशांचा आकडा वाढतो आहे ना, ते बघा. केसांना वेळ लागेल. गळणं थांबायला साधारण तीन महिने, नवीन केस दिसायला सहा.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा भूक मरते आणि जेवण ताकावर येतं. पातळ ताकाच्या एका ग्लासात जेमतेम दीड ग्रॅम प्रोटीन असतं. त्याऐवजी ३० ग्रॅम चण्याचं सत्तू घट्ट ताकात, जिरेपूड आणि काळं मीठ घालून प्या, सात-आठ ग्रॅम होतील. डब्यातली उसळ त्या दिवसांत कोरडी परतलेली न्या, ओलं खोबरं घालू नका, आणि दही घरून न नेता ऑफिसजवळ थंड कप विकत घ्या. आंबलेलं, गरम झालेलं दही दुपारी कुणाच्याच घशाखाली उतरत नाही, आणि मग पाच ग्रॅम डबीतच परत घरी येतात.